यवतमाळचे संमेलन आणि नयनतारा सहगल

यवतमाळ येथे ११ ते १३ जानेवारी २०१९ या दिवसांत भरलेल्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन नयनतारा सहगल यांच्या हस्ते व्हावयाचे होते. निमंत्रण रीतसर गेले होते व भाषणही लिहून तयार होते. परंतु संमेलनास अवघे काही दिवस उरले असता ते निमंत्रण मागे घेण्यात आले. या प्रकरणाची चर्चा वृत्तपत्रांतून विपुल झाली. तीत सहगल यांच्या कादंबऱ्यांचा विचार मात्र फारसा झाला नाही. वस्तुतः यवतमाळास जे घडले त्याचे मर्म त्या कादंबऱ्यांच्या आधारेच अधिक चांगले उकलते.

प्रकट आक्षेप भाषेचा होता. मराठीच्या व्यासपीठावर इंग्रजीत लिहिणारी लेखिका नको, असे म्हणून संमेलन उधळून लावण्याचा इशारा देण्यात आला. या आक्षेपात एक विलक्षण विसंगती आहे. सहगल यांचे वडील रणजित सीताराम पंडित हे मूळच्या कोकणातील बांबुळीच्या घराण्यातले. तुकोबांच्या अभंगांची जी गाथा १८६९ पासून सरकारी साहाय्याने मुंबईस छापली गेली, तिच्या संपादनाशी निगडित असलेले वेदाभ्यासक शंकर पांडुरंग पंडित हे याच घराण्यातील होत. स्वतः रणजित पंडित संस्कृतज्ञ होते. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चे इंग्रजी भाषांतर त्यांनी केले. ब्रिटिशांच्या तुरुंगवासाने खंगून १४ जानेवारी १९४४ रोजी त्यांचा अंत झाला, तेव्हा १९२७ साली जन्मलेली ही कन्या अमेरिकेत शिकत होती.

आई विजयालक्ष्मी पंडित, मामा जवाहरलाल नेहरू. अशा घरात राजकारण ही बाहेरची गोष्ट नव्हतीच. ‘प्रिझन अँड चॉकलेट केक’ (१९५४) या आत्मकथनानंतर ‘अ टाइम टु बी हॅपी’ (१९५८) ही पहिली कादंबरी आली. आरंभीच्या लेखनात नव्या राष्ट्राविषयीचा विश्वास आहे, पण तो फार काळ निर्धास्त राहिला नाही. ‘स्टॉर्म इन चंडीगढ’ (१९६९) मध्ये पंजाब व हरियाणा यांच्या विभाजनानंतरचा संघर्ष आहे. भाषा व प्रांत यांचा अभिमान नेत्यांच्या हाती शस्त्र कसा बनतो आणि ते शस्त्र पाहून सभ्य माणसे मागे कशी सरतात, याचे तेथे केलेले चित्रण मराठी वाचकास परके वाटू नये. ‘द डे इन शॅडो’ (१९७१) मध्ये घटस्फोटाच्या करारात अडकलेली स्त्री आहे. दडपणूक घरातही चालते, हे तीत दिसते.

१९७५ साली आणीबाणी पुकारणाऱ्या इंदिरा गांधी या सहगल यांच्या मामेबहीण. तरीही सहगल यांनी उघड विरोध केला. याच विषयावरील ‘रिच लाइक अस’ (१९८५) ही त्यांची सर्वांत समर्थ कृती म्हणावी लागेल; तिला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या कादंबरीचे लक्ष सत्ताधीशांवर नाही, मुकाट्याने हुकूम बजावणाऱ्या अधिकाऱ्यांवर, उद्योजकांवर, सुशिक्षितांवर आहे. सोनाली ही सनदी अधिकारी स्त्री पदावरून दूर सारली जाते, आणि तेव्हाच तिला उमगते की आपण व आपले सहकारी आजवर या व्यवस्थेचे भागीदारच होतो. तिच्या आजोबांच्या हस्तलिखितातील सतीची हकीकत त्याच सूत्रात गुंफलेली आहे: चिता एक जण पेटवतो, पण भोवती पाहणारे अनेक असतात. कलादृष्ट्या ही जुळणी क्वचित ओढून आणल्यासारखी वाटते, हेही नमूद केले पाहिजे.

दाभोलकर, पानसरे व कलबुर्गी यांच्या हत्यांनंतर ऑक्टोबर २०१५ मध्ये सहगल यांनी अकादमीचा पुरस्कार परत केला. संमेलनासाठी लिहिलेल्या भाषणाचा विषयही विचारस्वातंत्र्य हाच होता. तेव्हा निमंत्रण रद्द होण्यामागे केवळ भाषेचे कारण होते असे मानणे कठीण जाते. कारण ज्या पक्षाच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी विरोध केला होता, त्याच्या अध्यक्षांनी आपला आक्षेप नसल्याचे जाहीर केल्यावरही निर्णय फिरला नाही. इशारा देणाऱ्यांपेक्षा तो ऐकून तत्काळ नमणाऱ्या सुसंस्कृत मंडळींचा प्रश्न अधिक गंभीर आहे, आणि ‘रिच लाइक अस’चा विषय तरी दुसरा कोणता आहे?

मराठी साहित्यिक सर्वस्वी गप्प राहिले, असे मात्र नव्हे. अनेक निमंत्रितांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी व्यासपीठावरूनच झाला प्रकार अनुचित ठरविला. न झालेले भाषण वृत्तपत्रांतून छापले गेले व मराठीतही वाचले गेले. उद्घाटन अखेर वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. त्या याच जिल्ह्यातील, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. त्यांचा त्या व्यासपीठावरील अधिकार स्वयंसिद्ध होता. रिकामी झालेली जागा भरण्याचे निमित्त त्यासाठी लागावयास नको होते.