वर्गणीदारांचे राजकारण

वऱ्हाडातील मालेगावहून मेहकरकडे जाणाऱ्या सडकेवरील केनवड या गावाचा सरकारी पत्ता गेल्या पावणेदोनशे वर्षांत जितक्या वेळा बदलला, तितक्या वेळा तेथील शेतांतली पिकेही बदलली नसतील. निजामाने आपल्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, तेव्हा हा टापू कंपनीच्या अंमलाखाली आला. पुढे तो बाशीम (म्हणजे आजचे वाशीम) या जिल्ह्यात मोडू लागला, 1905 साली तो जिल्हाच मोडून अकोल्यास जोडण्यात आला, आणि द्वैभाषिक मुंबई राज्य व महाराष्ट्र अशी स्थित्यंतरे झाल्यावर 1 जुलै 1998 रोजी वाशीमला जिल्ह्याचे पद परत मिळाले. कचेऱ्या अशा फिरत राहिल्या तरी छापील बातमीचा ओघ मात्र अकोला, अमरावती आणि नागपूर येथील छापखान्यांकडूनच आला. आणि त्या ओघाबरोबर राजकारणही आले, कारण वऱ्हाडात वृत्तपत्र काढणे व पक्ष काढणे ही दोन कामे दीर्घकाळ एकाच माणसाकडे असत.

अकोल्यास खंडेराव बाळाजी फडके यांनी 1867 च्या सुमारास 'वऱ्हाड समाचार' काढला, तेव्हा राजकारण म्हणजे अर्ज-विनंत्या एवढाच अर्थ होता. तो अर्थ टिळकांनी बदलला. परंतु ज्या लेखणीने सरकारशी झुंज घेतली तिनेच 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला विरोध करताना परकीय सरकारने घरगुती आचारात हात घालू नये अशी भूमिका मांडली, ही गोष्ट विसरता कामा नये. राज्याच्या बाबतीत उतावळा आणि समाजाच्या बाबतीत सबुरीचा असा जो राजकीय स्वभाव तिथून तयार झाला, त्याला सनातनी म्हणावे तर अन्याय होतो आणि सुधारक म्हणावे तर तो स्वतःच रागावेल. 'परंपरानिष्ठ' हाच शब्द त्यातल्या त्यात बरा. दादासाहेब खापर्ड्यांच्या अमरावतीत आणि गोपाळराव ओगल्यांनी 1914 साली नागपुरात सुरू केलेल्या 'महाराष्ट्र' पत्राच्या कचेरीत हाच स्वभाव नांदत होता.

याच परंपरेतील एक प्रसंग मला फार अर्थपूर्ण वाटतो. डॉ. हेडगेवारांनी 1924 च्या सुमारास नागपुरात 'स्वातंत्र्य' नावाचे दैनिक चालवून पाहिले. ते पैशाअभावी अल्पावधीत बंद पडले, आणि 1925 च्या विजयादशमीला त्यांनी जी संघटना, म्हणजे राष्ट्रीय स्वयंसेवक संघ, काढली ती पुष्कळ वर्षे प्रसिद्धीपासून कटाक्षाने दूर राहिली. छापखान्याचे देणे ज्याने एकदा स्वतः सोसले, त्याने शाईपेक्षा शाखेवर भिस्त ठेवावी यात नवल नाही. नवल हे की वीस-पंचवीस वर्षांतच त्याच्या अनुयायांना पुन्हा शाईकडे वळावे लागले.

ते वळण 'तरुण भारत' या दैनिकाच्या रूपाने आले. (बेळगावास बाबूराव ठाकूर यांनी 1919 साली काढलेल्या पत्राचेही नाव हेच, दोहोंत नावापलीकडे नाते नाही, तरी घोटाळा अद्याप होतो.) नागपूरच्या दैनिकाचे 1944 पासूनचे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर हे मूळचे कादंबरीकार व समीक्षक, ओगल्यांच्या 'महाराष्ट्रा'त तयार झालेले. 1946 च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच संमेलनात झाला. वऱ्हाडात मात्र बापूजी अणे व ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखे मातब्बर पुढारी स्वतंत्र विदर्भाकडे झुकलेले, आणि बियाणींचे 'मातृभूमि' अकोल्याहूनच निघणारे. तेव्हा केनवडसारख्या गावी वाचकाने कोणते पत्र घ्यावे, हा प्रश्न रुचीचा न राहता पक्षाचा होत असे. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत माडखोलकरांचे घर गेले व त्या विपत्तीवर त्यांनी पुस्तक लिहिले, यावरून संपादकाला आपल्या पक्षाची किंमत कोणत्या नाण्यात मोजावी लागे ते दिसते.

याच परंपरेचा राजकीय पक्ष म्हणून जनसंघाची स्थापना 1951 साली झाली. महाराष्ट्र विधानसभेच्या 1962 च्या निवडणुकीत 264 पैकी 215 जागा काँग्रेसने जिंकल्या आणि जनसंघाच्या वाट्याला एकही आली नाही. 1967 साली चार व 1972 साली पाच, एवढीच त्याची मजल. अशा पक्षाला वृत्तपत्र हेच विधिमंडळ होते. 1966 साली मा. गो. वैद्य हे हिस्लॉप महाविद्यालयातील संस्कृतची प्राध्यापकी सोडून त्रेचाळिसाव्या वर्षी 'तरुण भारता'त आले. शालेय वयापासूनचे स्वयंसेवक, पुढे संपादक आणि 1978 ते 1984 विधान परिषदेचे सदस्य, असा त्यांचा क्रम पाहिला म्हणजे लेखणी आणि पक्ष एकाच आयुष्यात कसे सामावत असत हे ध्यानात येते.

परंतु मोठ्या संपादकांपेक्षा मला या व्यवसायाचे खरे मर्म तालुक्याच्या वार्ताहरात दिसते. हा गृहस्थ बहुधा शिक्षक, वकील किंवा दुकानदार. वार्ताहरकीचे मानधन नाममात्र, पोटाचा उद्योग वेगळा. गठ्ठा एस.टी.ने उतरवून घेणे, अंक वाटणे, महिनाअखेरीस वर्गणी वसूल करणे आणि दिवाळी अंकासाठी अडत्याकडून जाहिरात मिळवणे ही कामे त्याची. शिवाय आणेवारी कमी लागली की जास्त, कापसाचा भाव काय फुटला, विहिरी कधी आटल्या, सप्ताहाचा काला कोणाच्या वाड्यात झाला, या बातम्याही त्याच्याच. आणेवारीचा आकडा खोटा आहे असे ज्याने छापून आणले त्याच्या ओसरीवर रयत आपसूक बसते. आणि जो दरमहा पंचवीस दारांवर वर्गणीसाठी जातो, त्याला कोणत्या घरात काय दुखते हे सभेत भाषण ठोकणाऱ्या पुढाऱ्यापेक्षा अधिक कळते. पक्षाचे सभासद नोंदविण्याची वही आणि वर्गणीदारांची वही कित्येकदा एकाच हाती असत, हे केवळ योगायोगाने घडले नाही.

उणीवही तिथेच होती. बातमी ओळखीच्या वाटेने चाले, आणि ती वाट पेठेतून, देवळावरून व शाळेपाशी येऊन संपे. गावकुसाबाहेरची हकीकत तिच्यावर क्वचित चढे. बाबासाहेब आंबेडकरांना 1920 साली 'मूकनायक' स्वतंत्रपणे काढावे लागले, यातच या न्यूनाचा जुना दाखला आहे, आणि परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या वार्ताहराला तो दाखला फारसा बोचला असे दिसत नाही.

वर्गण्या जमल्या, मते मात्र जमली नाहीत. 1977 साली देशात जनता पक्षाची लाट असताना वाशीम मतदारसंघाने काँग्रेसच्या वसंतराव नाईकांना लोकसभेत पाठविले. 1980 व 1984 साली तर दूर जम्मू-काश्मीरहून आलेले गुलाम नबी आझाद येथून निवडून आले. पुढे 1996 मध्ये हा मतदारसंघ भगव्या निशाणाखाली आला खरा, परंतु निवडून आले ते रिसोडचे पुंडलिकराव गवळी, आणि ते शिवसेनेचे. नागपूरच्या गठ्ठ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या मशागतीचे पीक मुंबईच्या एका व्यंगचित्रकाराच्या पक्षाने कापून नेले. आणि तो पक्षही, 1960 साली निघालेल्या 'मार्मिक' साप्ताहिकाच्या वर्गणीदारांतून व वाचकांतूनच उभा राहिलेला होता.