आकाशाची वाटणी

पाण्याच्या पाळीवरून कधी भांडण झाले नाही असे गाव सापडणे कठीण. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, ही आपली जुनी रीत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावी विलासराव साळुंखे यांनी ही रीत मोडली. त्यांच्या पाणी पंचायतीत पाणी जमिनीच्या हिशेबाने नव्हे, तर घरातल्या माणसांच्या हिशेबाने मिळे; माणशी अर्धा एकर भिजेल इतके. भूमिहीनालाही त्यात वाटा होता. आज मी ज्या वाटणीविषयी बोलणार आहे ती पाण्याची नाही, हवेची आहे. भांडण मात्र तेच आहे.

कोळसा आणि खनिज तेल जाळले की कार्बन डायऑक्साइड वर जातो. त्याला आपण कर्बवायू म्हणू. त्यातला जवळजवळ निम्मा समुद्र आणि झाडेझुडपे शोषून घेतात. उरलेला हवेत साचतो, त्यातला बराचसा शेकडो वर्षे तेथेच राहतो आणि पृथ्वीची ऊब वाढवतो. तेव्हा तो सोडण्याला हद्द हवी, हे सगळ्यांना पटले. पण कोणी किती सोडावा? परवाना कोणाला किती द्यावा? खरी कुरबुर सुरू झाली ती येथून.

१९९० मध्ये वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेने एक कोष्टक प्रसिद्ध केले. जगाची हवा तापवणाऱ्या पहिल्या पाच देशांत चीन, ब्राझील आणि भारत यांची नावे होती. हे वाचून दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंटचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी त्या कोष्टकामागचे गणित उलगडून पाहिले, आणि १९९१ मध्ये एक लहानशी पुस्तिका काढली. ते गणित शिक्षकांनी वर्गात जरूर घालून पाहावे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

समजा, गावचे गायरान आहे आणि ते निम्म्याच जनावरांना पुरते. पंचांनी निवाडा दिला : प्रत्येकाची निम्मी जनावरे माफ, निम्म्यांवर दंड. निवाडा दिसायला सरळ. पण शंभर म्हशींच्या धन्याला पन्नास म्हशी माफ झाल्या, आणि दोन शेळ्यांवर पोट भरणाऱ्या म्हातारीला मात्र एका शेळीचा दंड बसला! वॉशिंग्टनच्या कोष्टकात हेच झाले होते. समुद्र आणि जंगले जो वायू शोषतात, त्याची सूट ज्या त्या देशाला त्याने सोडलेल्या वायूच्या प्रमाणात दिली होती. म्हणजे जास्त सोडणाऱ्याला सूटही जास्त. अग्रवाल आणि नारायण यांचे म्हणणे असे की, समुद्र आणि आकाश कोणाच्या सातबाऱ्यावर नाहीत, तेव्हा ती सूट माणशी वाटा. तशी वाटली आणि भारताच्या नावावरचा जादा वायू नाहीसाच झाला. आकडे तेच होते. वाटणीची रीत तेवढी बदलली.

दुसरा मुद्दा त्यांनी मांडला तो आपल्या शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा. भाताच्या चिखलातून आणि गुराढोरांच्या पोटातून मिथेन वायू निघतो, तोही हवा तापवतो. पण पोटासाठी केलेली भातशेती आणि चैनीसाठी उडवलेली मोटार एकाच तागडीत कशी तोलावी? शिवाय आकडाही तपासायला हवा होता. परदेशी मोजणीवरून अमेरिकेच्या सरकारी खात्याने भारतातल्या भाताच्या नावावर वर्षाला सुमारे ३८ दशलक्ष टन मिथेन मांडला होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे डॉ. आशेष प्रसाद मित्र आणि त्यांचे सहकारी १९९१ मध्ये देशभरच्या खाचरांत उतरले, पेट्या लावून वायू मोजला. तो भरला सुमारे ४ दशलक्ष टन. बघा, न मोजता घातलेला आळ किती मोठा असतो!

१९९२ मध्ये रिओ येथे करार झाला. जबाबदारी सर्वांची, पण सर्वांची सारखी नाही, हे त्यात मान्य झाले. १९९७ च्या डिसेंबरात जपानमधील क्योटो येथे आकडे ठरले, ते श्रीमंत देशांपुरते. १९९० साली ज्याने जेवढा वायू सोडला तो पाया धरून युरोपीय संघाने शेकडा ८, अमेरिकेने ७ आणि जपानने ६ कमी करायचे ठरले. ऑस्ट्रेलियाला तर शेकडा ८ वाढवायची मुभा मिळाली. म्हणजे पुन्हा जुना वापर हाच हक्क! रशियाला १९९० इतकाच वायू सोडायचा होता. पण मधल्या काळात त्याचे कारखाने बंद पडले होते, त्यामुळे काही न करता त्याच्या हाती विकण्याजोगे परवाने उरले. गरीब देशांवर बंधन नाही, ही अट अमेरिकेच्या सिनेटला मुळीच रुचली नव्हती. त्याच वर्षी जुलैत तिने ९५ विरुद्ध शून्य मतांनी तसे बजावले होते. अमेरिकेने करार कधीच कायम केला नाही. २००५ मध्ये तो तिच्याविना अमलात आला. अग्रवाल ते पाहायला नव्हते. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

माणशी वाटणीलाही दुसरी बाजू आहे, ती झाकणे बरे नव्हे. २००७ मध्ये जर्मनीत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी सांगितले की, भारताचा माणशी वायू श्रीमंत देशांच्या वर कधी जाणार नाही. वचन चांगलेच. परंतु देशाची सरासरी काढली की मुंबईतला वातानुकूलित बंगला आणि मेळघाटातली झोपडी एकाच आकड्यात लपतात. झोपडीच्या कमी वापरावर बंगल्याने आपला हक्क सांगावा, हा काही न्याय नाही. आणि १९९१ साली आपल्या बाजूला उभ्या असलेल्या चीनचा माणशी कर्बवायू आज ८ टनांवर, म्हणजे युरोपीय संघाच्या पुढे गेला आहे. आपला आहे सुमारे २ टन, अमेरिकेचा १४ च्या आसपास.

२०१५ मध्ये पॅरिसला वाटणीचे कोष्टकच बाजूला ठेवले गेले. प्रत्येक देशाने आपला आकडा आपणच सांगावा असे ठरले. पाटावर पाळीपत्रक न लावता, ‘मी इतकेच घेईन’ असे ज्याने त्याने सांगायचे, तसला हा प्रकार. राहिला प्रश्न मागच्या वापराचा. कोळशाचे युग सुरू झाल्यापासून इंधनातून जेवढा कर्बवायू निघाला, त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा शंभरात तीन-चार. हे मागचे देणे वाटणीत धरावे, अशी सूचना ब्राझीलने १९९७ मध्ये क्योटोच्या आधी केली होती. ती अभ्यासासाठी तज्ज्ञांकडे सोपवली गेली, आणि तेथेच राहिली.