मुंबईच्या जुन्या बँकेचा अंत

पेढी चालते ती दुसऱ्याच्या विश्वासावर, आणि त्या विश्वासाचें रक्षण नियम करतात. नियम सैल पडले म्हणजे काय अनर्थ ओढवतो, याचा बोलका दाखला मुंबईच्या इतिहासांत आहे.

१८४० सालीं स्थापन झालेल्या ‘बँक ऑफ बाँबे’चे कांहीं शेअर सरकारनेंहि घेतले होते. कोणत्या तारणावर कर्ज द्यावें, यावर सनदेनें कडक बंधनें घातलीं होतीं. १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, आणि हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. नवनव्या कंपन्या निघाल्या. ‘बॅक बे’ भरणी कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर कितीतरी पट किंमतीला विकूं लागला.

नेमक्या याच वेळीं, १८६३ च्या कायद्यानें बँकेचीं बंधनें ढिलीं केलीं. शेअरांच्या तारणावर कर्ज देण्यास मुभा मिळाली. भांडवलहि २ कोटी ९ लाखांपर्यंत वाढलें. कर्ज देण्याचा अधिकार संचालकांनीं बव्हंशीं चिटणीस जेम्स ब्लेअर यांच्या हातीं सोंपविला. प्रख्यात व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचा शब्द तेथें प्रमाण ठरला, आणि मोठमोठ्या रकमा पुरेशा तारणावांचून बाहेर गेल्या.

एप्रिल १८६५ मध्यें युद्ध संपलें, कापूस कोसळला. १ जुलै हा वायदे पुरे करण्याचा दिवस अनेक मातबरांचीं दिवाळीं घेऊन उजाडला. बँकेचें बहुतेक भांडवल बुडालें आणि १८६८ मध्यें ती मोडींत निघाली.

सारें खापर विलक्षण काळावर फोडणें सोपें होतें. सर चार्लस जॅक्सन यांच्या चौकशी-मंडळानें काळाचा दोष मान्य केला. पण सैल कायदा, चिटणिसांनीं केलेला अधिकाराचा दुरुपयोग आणि संचालकांची बेपर्वाई यांवरहि स्पष्ट बोट ठेवलें. १८७६ च्या कायद्यानें बंधनें पुन्हां कडक झालीं.

१८६८ सालींच उभी राहिलेली नवी बँक १९२१ मध्यें इंपीरियल बँकेंत मिळाली, आणि १९५५ मध्यें तिचीच स्टेट बँक झाली. केजसह सारा बीड जिल्हा ज्या निजामी राज्यांत होता, त्या राज्याची १९४१ सालची बँकहि २०१७ मध्यें तींतच विलीन झाली. मुंबईच्या कापूसबाजाराशीं ज्याचा कधीं संबंध आला नाहीं, अशा केजच्या ठेवीदाराचें हितहि अखेर त्याच नियमांवर अवलंबून आहे. सही करणाऱ्या हातावर दुसरी जागरूक नजर असणें, हा त्या हाताचा अपमान नव्हे; तो ठेवीदाराचा हक्क आहे.