मुंबई कर्करोग-तपासणी चाचणी

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईतील झोपडवस्त्यांत १९९८ साली सुरू केलेला वैद्यकीय प्रयोग. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून त्यांच्या हातून वस्तीतल्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाची आणि स्तनांची नियमित तपासणी करून घेतली, तर या दोन कर्करोगांनी होणारे मृत्यू कमी होतात का, हा त्याचा प्रश्न होता. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या. गर्भाशयमुखाचा निकाल २०१३ साली आणि स्तनांचा २०२१ साली जाहीर झाला. पहिल्या कर्करोगाबाबत उत्तर ‘होय’ असे आले, दुसऱ्याबाबत ‘पन्नाशीनंतर होय’ असे. इतक्या कमी शिक्षणाच्या बळावर मृत्यूचा आकडा हलवून दाखवणारे प्रयोग जगात मोजके आहेत. त्यांत याचा क्रम बराच वर लागावा.

परिसर : टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सर दोराबजी टाटा ट्रस्टने उघडले, १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. केईएम रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय (१९२६) शेजारीच आहे, वाडिया रुग्णालयेही तिथलीच. म्हणजे डॉक्टर घडवणारा आणि रोगी सांभाळणारा मुंबईतला सर्वांत दाट पट्टा हाच, आणि तो गिरणगावाच्या मधोमध आहे. पश्चिमेला तीनेक किलोमीटरवर वरळीची बीडीडी चाळ. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या या वसाहतीत तळमजला अधिक तीन मजल्यांच्या १२१ इमारती, प्रत्येकीत साधारण ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची आणि संडास सामाईक. चाळीत काय किंवा लालबाग-परळच्या कुठल्याही घरात काय, ‘तिला टाटाला नेलंय’ एवढे वाक्य पुरते. रोगाचे नाव घ्यावे लागत नाही. नेण्याला उशीर झालेला असतो, हेही त्या वाक्यात ऐकणाऱ्याला ऐकू येते.

चाचणीचे गट झोपडवस्त्यांचे होते. बीडीडी चाळ पक्क्या बांधणीची सरकारी वसाहत, झोपडपट्टी नव्हे. तिचा उल्लेख इथे परिस्थिती समजावी म्हणून केला आहे. तीन किलोमीटरवर देशातले सर्वांत मोठे कर्करोग रुग्णालय असून बाई तिथे पोचते ती पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावर जाऊ लागले, कंबर धरली, पांढऱ्या पाण्याला वास येऊ लागला म्हणजे. अंतर ही अडचण कधीच नव्हती. दुखत नसताना दवाखान्यात जायचे कशाला, आणि सहा माणसांच्या खोलीत ‘खालची’ तपासणी हा विषय काढायचा कोणापुढे, ही खरी अडचण.

पॅप का नको : गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या पॅप तपासणीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीमंत देशांतले मृत्यू पुष्कळ कमी केले. पण तिला प्रयोगशाळा लागते, काचपट्टी वाचणारा जाणकार लागतो आणि अहवाल घ्यायला बाईने परत यावे लागते. भारतात यातले पहिले दोन अपुरे होते आणि तिसऱ्याचा भरवसा नव्हता. म्हणून शास्त्रज्ञ डोळ्याने पाहण्याच्या पद्धतीकडे वळले.

पद्धत अशी. बाईला टेबलावर निजवून स्पेक्युलमने योनिमार्ग उघडतात आणि दिव्याचा झोत आत टाकतात. पिशवीचे तोंड दिसते : गुळगुळीत, गुलाबी, मध्ये छिद्र. आधी चिकट स्राव टिपून घेतात. मग ४ टक्के अॅसेटिक आम्लात भिजवलेला कापसाचा बोळा तोंडाला लावून एक मिनिट थांबतात. चायनीजच्या गाडीवर बाटलीत असते ते व्हिनेगर याच जातीचे. घड्याळाकडे पाहून पुरे एक मिनिट थांबायचे. घाई केली तर तपासणी फुकट. ज्या पेशींची केंद्रके फुगलेली आणि दाट असतात, तिथली प्रथिने आम्लाने साकळतात आणि तो भाग पांढरा पडतो. छिद्राजवळ दोन प्रकारच्या पेशी जिथे मिळतात त्या सीमेला चिकटून, कडा स्पष्ट असलेला दाट पांढरा डाग उठला तर ‘संशय’. फिकट, विखुरलेला पांढुरकेपणा बहुधा सुजेचा. सगळे कौशल्य या दोन पांढऱ्यांमधला फरक ओळखण्यात आहे. वय वाढले की ती सीमा आत सरकते आणि डोळ्याला दिसेनाशी होते. ही या पद्धतीची जन्मजात उणीव.

प्रशिक्षण : सेविका म्हणून नेमलेल्या बायका दहावीपर्यंत शिकलेल्या होत्या. चार आठवड्यांत त्यांना शरीररचना, स्पेक्युलम हाताळणे, डाग वाचणे, हाताने स्तन तपासणे आणि कर्करोगाविषयी बोलणे शिकवले. एमबीबीएसचा विद्यार्थी साडेचार वर्षे शिकतो आणि वर एक वर्ष प्रत्यक्ष काम करतो, त्याच्याशी तुलना करून नाक मुरडणारे तेव्हाही होते. तुलनाच चुकीची आहे. डॉक्टरला हजार रोगांतून एक ओळखायचा असतो. सेविकेला एकच खूण ओळखायची, तीही दिवसभर, रोज. शंभरावी बाई पाहताना तिची नजर पहिलीपेक्षा तयार झालेली असते. शिवाय तिचे निम्मे काम टेबलाजवळ नव्हतेच. दार ठोठावणे, समजावणे, वस्तीतच मांडलेल्या तात्पुरत्या तपासणी-केंद्रात बाईला घेऊन येणे, आणि संशय निघाला तर टाटापर्यंत पोचवून पुन्हा घरी विचारपूस करणे, हे सगळे त्यात आले. ही विद्या कुठल्या वैद्यकीय महाविद्यालयात तास लावून शिकवत नाहीत.

रचना : कल्पना शल्यचिकित्सक इंद्रनील मित्रा यांची. प्रतिबंधक कर्करोगविभागाचे सुरेंद्र शास्त्री, गौरवी मिश्रा आदी तज्ज्ञांनी ती राबवली. पैसा मुख्यतः अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या अनुदानातून आला. वीस वस्तीगट पाडून चिठ्ठ्यांसारख्या यादृच्छिक पद्धतीने दहा तपासणीकडे आणि दहा नियंत्रणाकडे, म्हणजे तपासणी न देता फक्त तुलनेसाठी, गेले. एकेक बाई निवडण्याऐवजी अख्खी वस्ती निवडण्याचे कारण गॅलरीत राहिलेल्या कोणालाही कळेल : एका खोलीतल्या बाईला बोलावले आणि शेजारणीला नाही, तर संध्याकाळपर्यंत दोघींना सगळे ठाऊक होते आणि प्रयोग बिघडतो. तपासणी गटात ७५,३६० स्त्रिया होत्या, नियंत्रण गटात ७६,१७८. तपासणी गटात दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या. नियंत्रण गटाला सुरुवातीला एकदा कर्करोगाची माहिती दिली. रोग आढळल्यास टाटात मोफत उपचार दोन्ही गटांना होते.

मुंबईत असा प्रयोग वीस वर्षे चालवणे म्हणजे लोकांच्या पत्त्यांशी झुंजणे. वस्ती उठते, इमारत होते, कुटुंब विरार किंवा मानखुर्दला जाते, बाळंतपणाला गावी गेलेली सून परतत नाही. ज्या बाईचा पत्ता हरवला, ती जगली की गेली हेही हरवले. मृत्यूचे कारण नक्की केल्याशिवाय निकाल नाही, म्हणून फेऱ्या संपल्यावरही दर दोन वर्षांनी घरोघर चौकशी चालू ठेवली. मृत्यू मोजणारे संशोधन इतके महाग आणि इतके कंटाळवाणे का असते, याचे उत्तर या चौकशीत आहे.

गर्भाशयमुखाचा निकाल : २ जून २०१३ रोजी शिकागो येथे अमेरिकन कर्करोगतज्ज्ञांच्या अधिवेशनात शास्त्री यांनी तो मांडला आणि २०१४ मध्ये तो शोधनिबंध म्हणून छापून आला. बारा वर्षांच्या पाठपुराव्यात दर लाख स्त्रीवर्षांमागे मृत्यू तपासणी गटात ११.१ आणि नियंत्रण गटात १६.२, म्हणजे ३१ टक्के घट. निमंत्रित स्त्रियांपैकी ८९ टक्के तपासणीला आल्या. घट ऐकून टाळ्या वाजतात, पण निबंधातल्या दुसऱ्या दोन आकड्यांकडे कमी लोक पाहतात. रोग होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच राहिले : दर लाखामागे २६.७४ आणि २७.४९. म्हणजे तपासणीने रोग टळला असे म्हणता येत नाही. उपचार मात्र तपासणी गटातल्या ८६ टक्के रोगी स्त्रियांनी घेतले, नियंत्रण गटातल्या ७२ टक्क्यांनी. रोग लवकर सापडला आणि सापडलेल्या बाईची पाठ सोडली नाही, म्हणून ती वाचली. व्हिनेगरचे कौतुक वर्तमानपत्रांनी केले; पाठ न सोडण्याचे फारसे कोणी केले नाही.

स्तनांचा निकाल : २०२१ च्या फेब्रुवारीत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. सेविकांनी केवळ हातांनी केलेल्या तपासणीमुळे गाठी आधी सापडल्या; तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात आढळलेल्या रोग्यांचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३७ वर आले. सर्व वयांत मिळून मृत्यू १५ टक्के घटले, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती घट योगायोगाची असू शकते. पन्नाशी ओलांडलेल्यांत ३० टक्के घट झाली, ती पक्की मानली गेली. पन्नाशीच्या आत काहीच फरक नाही. मॅमोग्राफीचे यंत्र ज्या देशात गल्लोगल्ली नेता येणार नाही, तिथे हा निकाल मोलाचा आहे. त्याच्या जोरावर तिशीच्या बाईला हमी देणे मात्र चूक.

मराठवाड्याचा पडताळा : याच काळात, १९९९ पासून, उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या ५२ गटांतील १,३१,७४६ स्त्रियांवर टाटा, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी दुसरी चाचणी केली. तिथे एकदाच तपासायचे होते. हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूच्या चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. व्हिनेगरच्या एका फेरीने लक्षणीय फरक पडला नाही. मुंबईत चार फेऱ्या होत्या. एकदाच जमणार असेल तर विषाणूची चाचणी, वारंवार जाता येणार असेल तर डोळा, असा दोन्हींचा मिळून अर्थ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये विषाणू-चाचणीलाच पहिली पसंती दिली.

वाद : नियंत्रण गटाला तपासणी न देणे योग्य होते का, यावर कडाक्याचे भांडण झाले. अमेरिकेतील पॅथॉलॉजिस्ट एरिक सुबा यांनी मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतील दिंडिगल या तीन चाचण्यांच्या नियंत्रण गटांतल्या १,३८,६२४ स्त्रियांपैकी किमान २५४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावल्याचे दाखवून, पॅप ठाऊक असताना त्यांना काहीच का दिले नाही, असा सवाल केला. संशोधकांचे उत्तर असे की, देशात तेव्हा सार्वत्रिक तपासणी नव्हतीच; नियंत्रण गटाला मिळाले ते इतर कोणाही भारतीय स्त्रीला मिळत होते त्याहून कमी नव्हते. हे उत्तर खरे आहे आणि अपुरेही आहे. जे सरकार देत नाही तेच ‘प्रचलित उपचार’ मानले, तर गरीब देशातल्या संशोधनाची पट्टी नेहमीच खाली राहणार. स्त्रियांना दिलेल्या संमतीपत्रात पॅपची माहिती पुरेशी होती का, हा प्रश्नही निघाला. दुसऱ्या बाजूला हेही नोंदवले पाहिजे की चाचणी सोळा वर्षे चालायची होती. मुदतीआधी फायदा दिसताच स्वतंत्र देखरेख मंडळाने नियंत्रण गटालाही तपासणी द्यावी असे सांगितले.

पुढे : केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी, आणि तिच्या जोडीला स्तन व तोंडाची तपासणी, अशी चौकट आखली. मुंबईच्या प्रयोगात अंतर दोन वर्षांचे होते, धोरणात पाच. खर्च डोळ्यांपुढे ठेवून केलेली ही तडजोड आहे. दरम्यान वस्त्या बदलत आहेत. वरळीच्या बीडीडी चाळीच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या १४ ऑगस्ट २०२५ रोजी रहिवाशांना मिळाल्या. घर ५०० चौरस फुटांचे, संडास आत, दार बंद. तपासणीला लागणारा आडोसा त्यात आला. दिवसभर उघडे असणारे शेजारचे दार गेले. झोपडवस्त्यांत सेविकेचे काम अशाच उघड्या दारांवर चालत होते, त्यामुळे उंच इमारतींत ही पद्धत नव्याने बसवावी लागेल.

चाचणीत बोलावलेल्या शंभरांपैकी ८९ स्त्रिया तपासून घेत होत्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या १.९ टक्के निघाल्या.