लकडी पूल

पुण्यात मुठा नदीवरचा एक दगडी पूल आजही ‘लकडी पूल’ म्हणूनच ओळखला जातो. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला आणि त्याच वर्षी पेशव्यांनी येथे लाकडाचा पूल उभारला. 23 जूनला नानासाहेब पेशवे पर्वतीवर निवर्तले.

पुलापलीकडे भांबुर्डे, एरंडवणे ही शेतकऱ्यांची गावे होती. नदीला पूर आला की शहर त्यांना दुरावे. पुलाने बाजार जवळ आणला. पण जी वाट धान्य शहरात नेते, तीच शहराला शेतात आणते. 1895 साली फर्ग्युसन कॉलेज पलीकडे गेले, पुढे डेक्कन जिमखान्याची वस्ती झाली आणि वावरांच्या जागी बंगले आले.

लाकूड एकोणिसाव्या शतकातच गेले; दगडी पूल आला. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले, तेव्हा पाणी त्याच्याही वरून वाहिले. पुलास संभाजी महाराजांचे नाव देण्यात आले, भांबुर्ड्याचे शिवाजीनगर झाले. नवी नावे थोरच आहेत. तरी पुलाचे जुने नाव लोकांच्या तोंडी राहिले, गावाचे मात्र विरत गेले. पूल रोज ओलांडणारे हजारो होते. तेथली शेते कसणारे कोणी उरले नव्हते.