जुन्या वाहनाची खरेदी आणि परतीचा हक्क : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

विकत घेतलेली जुनी मोटार सदोष निघाल्यास ती विक्रेत्यास परत करता येते काय, हा प्रश्न आधुनिक वाटला तरी त्यामागील वाद प्राचीन आहे. खरेदीनंतरचा पश्चात्ताप आणि वस्तूतील छुपा दोष या दोन भिन्न बाबी असून कायद्याच्या इतिहासात त्यांना भिन्न वागणूक मिळाली आहे. प्रस्तुत लेखात या भेदाचा मागोवा घेतला आहे.

स्मृतिग्रंथांतील तरतुदी

मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांत 'क्रयविक्रयानुशय' हे एक पद आहे. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. तो झाल्यास दहा दिवसांच्या आत व्यवहार उलटविण्याची मुभा मनूने दिली. याज्ञवल्क्याने वस्तूगणिक परीक्षणाची मुदत ठरविली : लोखंडास एक दिवस, दुभत्या जनावरास तीन, वाहतुकीच्या जनावरास पाच, रत्नांस सात व बियाण्यास दहा दिवस. याच यादीत माणसांच्या खरेदीचीही मुदत आहे. त्यामुळे या व्यवस्थेचा गौरव करताना तिची सामाजिक मर्यादा विसरता येत नाही. निर्दोष वस्तू दाखवून सदोष वस्तू देणाऱ्याकडून दुप्पट मूल्य व तितकाच दंड घ्यावा, असे नारदस्मृती सांगते. मात्र वापरलेले, मळलेले वस्त्र त्याच स्थितीत घेतले असेल तर ते परत करता येत नाही, असेही तीच स्मृती सांगते. जुन्या वस्तूचा नियम वेगळा, हे तत्त्व येथेच आढळते.

ब्रिटिशकालीन कायदा

वसाहतकाळात 'खरेदीदाराने सावध असावे' हे इंग्रजी तत्त्व येथे रुजले. 1872 च्या भारतीय करार कायद्यातील कलम 17 चे एक उदाहरण बोलके आहे : घोडा सदोष असल्याचे ठाऊक असूनही लिलावात विक्रेता केवळ मौन पाळत असेल, तर ती लबाडी ठरत नाही. पुढे इंग्लंडच्या 1893 च्या कायद्याच्या धर्तीवर 1930 चा मालविक्री कायदा आला. त्याच्या कलम 16 ने गुणवत्तेची गर्भित अट मान्य केली. परंतु ती मुख्यत्वे त्या मालाचा व्यापार करणाऱ्या विक्रेत्यास लागू होते आणि खरेदीदाराने माल तपासला असल्यास तपासणीत दिसावयास हवे होते असे दोष तिच्यात येत नाहीत. शिवाय कलम 13 नुसार माल स्वीकारल्यावर सामान्यतः नुकसानभरपाईच मागता येते, माल नाकारता येत नाही.

मोटारीच्या संदर्भात दोन इंग्रजी निवाडे महत्त्वाचे आहेत. 1923 च्या रोलंड विरुद्ध डिव्हॉल खटल्यात मोटार चोरीची निघाल्याने, काही महिने वापरूनही खरेदीदारास पूर्ण किंमत परत मिळाली. 1965 च्या बार्टलेट विरुद्ध सिडनी मार्कस खटल्यात मात्र जुन्या जग्वारच्या क्लचचा दोष आधीच सांगितलेला होता. दुरुस्तीचा खर्च अपेक्षेहून अधिक आला, तरी खरेदीदाराचा दावा टिकला नाही. जुनी गाडी चालण्याजोगी असली म्हणजे पुरे, ती निर्दोष असण्याची अपेक्षा नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती.

स्वातंत्र्योत्तर बदल

1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने स्वतंत्र न्याययंत्रणा दिली. 20 जुलै 2020 पासून अमलात आलेल्या 2019 च्या कायद्याने पावतीत नमूद मुदतीत, आणि ती नसल्यास 30 दिवसांत, सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना प्राधिकारपत्र आवश्यक झाले. तथापि त्या नियमांचा रोख वाहनाच्या गुणवत्तेपेक्षा ताबा व कागदपत्रांवर आहे.

निष्कर्ष

मनूने मान्य केलेला पश्चात्तापाचा हक्क आजच्या कायद्यात सर्वसाधारण हक्क म्हणून उरलेला नाही. परतीचा आधार दोष किंवा फसवणूक हाच आहे. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या गाडीबाबत ग्राहकाची बाजू बळकट झाली. परंतु एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीस गाडी विकली, तर ग्राहक कायद्याचे संरक्षण सामान्यतः मिळत नाही आणि खरेदीदार 1872 च्या घोड्यापाशीच येऊन थांबतो. अशा वेळी विक्रेत्याने केलेले लेखी कथन हाच त्याचा मुख्य आधार असतो. खासगी विक्रेत्यावरही ज्ञात दोष सांगण्याचे बंधन घालणे, ही या इतिहासातून पुढे येणारी गरज आहे.