ठक, ठग आणि थग

मराठीत ठकवणं म्हणजे फसवणं. ‘ठकास महाठक’ म्हणताना आपल्यासमोर डोकेबाजपणा असतो, हाणामारी नसते. मग त्याच कुळातला इंग्रजी ‘थग’ नुसता दांडगट गुंड कसा झाला?

१८३६ साली विल्यम स्लीमनने ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश छापला. त्याच वर्षी कंपनी सरकारचा कायदा आला: ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं की जन्मठेप. ठग म्हणजे नेमका कोण, याची व्याख्या मात्र कायद्यात नव्हती. १८३९मध्ये फिलिप मेडोज टेलरची ठगावरची कादंबरी इंग्लंडात गाजली. पुढे वापरता वापरता शब्दातली फसवणूक गळाली, हिंसा उरली.

फसवणाऱ्याला इंग्रजीने दुसरं नाव शोधलं. १८४९मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्प्सन पकडला गेला. माझ्यावर विश्वास आहे ना, मग उद्यापर्यंत घड्याळ द्या, असं तो अनोळखी माणसांना म्हणे. वर्तमानपत्रांनी त्याला ‘कॉन्फिडन्स मॅन’ म्हटलं. आजचा ‘कॉन’ त्यातलाच.

फिशिंगचे मेल तपासताना मला थॉम्प्सन आठवतो. आणि व्याख्येविना जन्मठेप भोगलेले ते अनामिकही. त्यांतल्या किती जणांनी खरोखर कुणाला ठकवलं होतं?